विटकरी रंगाचा खुराक

मुलांनो, जरा डोळे मिटा. डोळे मिटून वाचायचं कसं, असा प्रश्न ज्याला पडला असेल त्यानं एकच मिटावा. प्रश्न विचारणाऱ्याला माझ्या वर्गात नेहमीच सवलत असते.

आता कल्पना करा. तुमची निवृत्ती जवळ आलेली आहे. तुमचं पोट तुमच्या आधी उंबरा ओलांडतं. गावात सगळे तुम्हाला गुरुजी म्हणतात, आणि तुम्ही चौकातून निघालात की मोठमोठे बाप्ये विडी पाठीमागं लपवतात. असे तुम्ही एके दिवशी तालमीच्या तांबड्या मातीत लंगोट लावून उभे आहात. समोर भिंतीला टेकून जी मंडळी बसलेली आहे, त्यातल्या एकूण एकाचा कान तुम्ही कधी ना कधी पिळलेला आहे.

कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ते सगळे उठून उभे राहिले आणि एका सुरात म्हणाले, "नमस्ते गुरुजी."

केलीत कल्पना? छान. उघडा डोळा. मी तिथं कसा पोचलो, ते आता सांगतो.

आम्ही सेलूला राहतो. मी किशनराव, तिथल्या एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. घरात मी, आमच्या सौभाग्यवती नर्मदाबाई आणि नात कडू. कडू हे तिच्या पणजीचं नाव, पाचवीतल्या मुलीला ते जरा वजनदारच. तिला साखरेचा आजार. नाव कडू आणि आजार साखरेचा, हा विनोद सेलूतल्या प्रत्येकानं एकेकदा करून झालेला आहे, तेव्हा तुम्ही तसदी घेऊ नका. मलाही साखरच, पण माझी म्हातारपणाची. अंगात इन्शुलिन असतं, पण ते नीट कामाला येत नाही. एक गोळी घेतली की भागतं. कडूच्या अंगात ते तयारच होत नाही. म्हणून तिला रोज सुई. पूर्वी मी मुलांना सांगायचो की दोन्ही आजारांचं आडनाव एक, पण घरं वेगळी. वर्गातला एखादा हुशार मुलगा मग विचारायचा, की भांडण वाटणीवरून झालं का. असो.

इन्शुलिनची बाटली थंड जागी ठेवावी लागते, आणि त्या काळी आमच्या गल्लीत फ्रिज एकच होता. तो शेजारच्या आबासाहेबांचा. ते जिनिंगच्या कारखान्यात हिशेबनीस. त्यांच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी कडूची बाटली उभी असे. आता ज्याच्या घरी तुमचं औषध राहतं, त्याला तुमच्या आजारात वाटा मिळतोच. आबासाहेब रोज सकाळी कुंपणाच्या भिंतीवर हनुवटी टेकवून दोघांच्या साखरेची चौकशी करत आणि जाताना एक सल्ला ठेवून जात. भाडं मागत नसत, एवढं खरं.

कडू खो-खो खेळायची. चवळीच्या शेंगेसारखी पोरगी, वळणावर अशी गरकन फिरायची की पाठलाग करणारीच पडायची. पण एका संध्याकाळी मैदानावर तीच पडली. दुपारी डबा खाल्ला नव्हता आणि सुई घेतलेली होती, त्यामुळं अंगातली साखर एकदम उतरली. थरथरली, काहीबाही बोलली आणि खाली बसली. पोरी किंचाळून पळाल्या. कुणीतरी म्हणालं, अंगात आलंय. कुणीतरी पायाशी लिंबू ठेवलं. शेवटी शाळेच्या शिपायानं चहात साखर ढवळून पाजली तेव्हा ती उठली. पण त्या दिवसापासून कडूनं मैदानाकडं पाठ केली ती केलीच.

डॉक्टर म्हणाले, खेळलंच पाहिजे. खेळायच्या आधी दोन घास खा, खिशात साखर ठेव, झालं. नर्मदाबाईंनी समजावलं. मी तर समजावण्याचाच पगार घेत होतो. कडू ऐकून घ्यायची आणि खिडकीत जाऊन बसायची. खिडकीतून मैदान दिसत नव्हतं, पण शिट्टी ऐकू यायची. शिट्टी वाजली की तिचे पाय जागच्या जागी हलायचे. ते पाय बघवत नसत.

एका संध्याकाळी मी पुन्हा उपदेश सुरू केला, तेव्हा ती म्हणाली, "तुमाला बी साखर हाय की आजोबा. तुमी तरी कुठं खेळायलाव?"

मी म्हणालो, मी सकाळी फिरायला जातो.

"चालणं तं बकऱ्या बी करत्यात."

 मग आमच्यात करार ठरला. मी दसऱ्यापर्यंत रोज तालमीत व्यायाम करायचा. साखरेचा माणूस घाम गाळूनही न पडता उभा राहतो, हे दाखवलं तर कडू दसऱ्याला मैदानावर जाणार. "पण तुमी पडलाव," तिनं बोट उगारलं, "तं मंग मला कुणी कधीच ग्राउंडचं नाव काढायचं न्हाई. आजीनं बी न्हाई." मी हातावर हात मारला. नर्मदाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "पोरीचं सोडा, आधी लंगोट बांधता येतो का बघा."

मी आधी रीतसर डॉक्टरांकडं गेलो. ते खूश झाले. त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. व्यायाम हळूहळू वाढवा, उपाशीपोटी करू नका, आणि जोडीला काही चूर्ण, पावडर, काढा घ्यायचा असेल तर आधी मला विचारा. मी मान डोलावली. चाळीस मिनिटांच्या तासाला माझी पोरं जशी मान डोलावतात, अगदी तशी. त्या मानेचा आणि कानाचा काही संबंध नसतो, हे मला तीस वर्षं ठाऊक होतं, तरी स्वतःच्या मानेवर मी विश्वास ठेवला.

तालमीत प्रवेश मिळणं मात्र सोपं नव्हतं. तालमीला अनुदान मिळायचं, म्हणून तिथं अर्ज होता. अर्जाला तंदुरुस्तीचा दाखला जोडायचा होता. दाखल्याच्या प्रतीवर कुणातरी अधिकाऱ्याची किंवा मुख्याध्यापकाची सही आणि शिक्का लागत होता. आता सेलूतल्या निम्म्या कागदांवर अशी सही करणारा मुख्याध्यापक मीच. मी बाणेदारपणे सही ठोकली. तालमीचे चिटणीस कागद उलटसुलट करून म्हणाले, गुरुजी, स्वतःच्या दाखल्यावर स्वतःच सही कशी चालेल? मी म्हणालो, मी मला चांगला ओळखतो. ते म्हणाले, तेच तर.

मग मानवतहून रोज येणाऱ्या एका अधिकाऱ्याला गाठायचं ठरलं. पहिल्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एस.टी.च आली नाही. नंतर साहेब दौऱ्यावर होते. त्यानंतर साहेब भेटले, पण शिक्का घरी राहिला होता. शेवटी सही मिळाली तेव्हा साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मुलासाठी का?" मी म्हणालो, "हो." एवढं एक खोटं मी बोललो.

तालमीचा वस्ताद भुजंग. माझाच विद्यार्थी, सातवीत दोनदा बसला होता आणि दोन्ही वेळेला शेवटच्या बाकावर मन लावून दंड फुगवत होता. त्यानं माझ्या पाया पडून मला जोर काढायला लावले. पहिल्या दिवशी मी खाली गेलो तो वर आलोच नाही. भुजंगानं कंबरेला धरून मला उचललं, आणि तेही इतक्या अदबीनं की जणू देव्हाऱ्यातली मूर्ती हलवतोय. पण हळूहळू जमायला लागलं. कडू रोज संध्याकाळी तालमीशेजारच्या मारुतीच्या पायरीवर येऊन बसायची, करार पाळला जातोय की नाही ते बघायला. मी बाहेर आलो की विचारायची, "पडलाव का?" मी म्हणायचो, "नाही." ती उठून घराकडं चालू लागायची. पायात जरा उडी असायची.

इथंच थांबलो असतो तर ही गोष्ट झाली नसती.

भुजंग एक दिवस म्हणाला, "गुरुजी, खुराक न्हाई तं कसरत म्हंजे बिगर वंगणाची बैलगाडी. कुरकुरती नुसती." तालमीचा रिवाज असा, की जो जोर काढील त्यानं खुराक घ्यावा आणि वस्तादानं सांगितलेला खुराक नाकारू नये. नाकारला तर मातीचा अपमान होतो. आधी दूध आणि केळी झाली. मग भुजंगानं सांगितलं की आता शहरातले पैलवान पावडर घेतात, आणि ती सितारामच्या मेडिकलमध्ये आली आहे.

सितारामनं वरच्या फळीवरून डबा काढला, फडक्यानं पुसला आणि माझ्यासमोर असा ठेवला, की मी पोरांपुढं पृथ्वीचा गोल ठेवायचो त्याची आठवण झाली. डब्यावर एक माणूस होता. अंगात कपडे फार नव्हते, पण छातीवर नांगरटीसारखे चर होते. खाली बारीक अक्षरात इंग्रजी होतं. परीक्षेच्या आधी मी पोरांना बजावायचो, प्रश्नपत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. डब्याचं मात्र मी चित्र पाहिलं. विचार केला, डबा मेडिकलमधला, मेडिकलमध्ये औषधं मिळतात, म्हणजे हे औषध. आणि औषधाला कसलं पथ्य! ह्या विचारपद्धतीला तर्कशास्त्रात काय म्हणतात मला ठाऊक नाही. आमच्या गल्लीत तिला अक्कल म्हणतात.

डॉक्टरांना विचारायचं राहिलं. खरं तर आबासाहेबांना विचारलं होतं, आणि त्यांना विचारल्यावर आणखी कुणाला विचारायची गरज भासत नाही, इतकं ते बोलतात. ते म्हणाले, पावडर गरम पडते, जोडीला खजूर घ्या. मी म्हणालो, खजुरात साखर असते. ते म्हणाले, "ती देवानं घातलेली हाय गुरुजी. देवाची साखर लागत नसती."

मग सकाळी पावडर, केळी, खजूर आणि दूध. संध्याकाळी तेच, फक्त दूध जास्त. वरून माझी गोळी चालूच. काही दिवसांत माझ्या अंगात फरक दिसायला लागला. सदऱ्याचं बटण तुटून उडालं. मी नर्मदाबाईंना अभिमानानं सांगितलं, छाती भरली. त्यांनी उडालेलं बटण उचललं, सदऱ्यावर त्याची जागा शोधली आणि म्हणाल्या, "हे खालून दुसरं हाय. छाती एवढ्या खाली उतरली व्हय?"

तहानही फार लागायची. शाळेत तांब्या संपला की शिपाई माठच आणून माझ्या टेबलाशेजारी ठेवू लागला. तासाला मध्येच उठून बाहेर जावं लागायचं. एरवी ज्या पोरांनी करंगळी दाखवली तरी मी त्यांना जाऊ देत नसे, ती आता माझ्याकडं फार समजूतदारपणे बघायची. मी भुजंगाला विचारलं. तो म्हणाला, ताकद पचायलीय गुरुजी.

आता लघवी तपासायची पद्धत सांगतो. नाकं मुरडू नका, शास्त्रात नाक मुरडणारा नापास होतो. त्या काळी रक्ताची साखर घरी बघायची यंत्रं आमच्याकडं नव्हती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि नळी दिव्यावर उकळायची. निळं राहिलं तर साखर नाही. साखर असेल तशी ती हिरवी, मग पिवळी, मग नारिंगी होत जाते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटकरी. कडू हे काम मागच्या अंगणात रोज करायची, चिमट्यात नळी धरून, एक डोळा बारीक करून. माझी नळी मी कधीमधी करायचो. माझा आजार जुना, अंगवळणी पडलेला. जुन्या नोकराची झडती कोण घेतं?

त्या दिवशी तिनं स्वतःची नळी केली. फिकट हिरवी आली. मग ती म्हणाली, "आता तुमची."

मी म्हणालो, अगं मी आता पैलवान झालोय. तिनं नळी पुढं केली. मी निमूट आत जाऊन आलो. तिनं नळी दिव्यावर धरली. हिरवा आला. मी म्हणालो, बस, काढ. पण तो हिरवा थांबलाच नाही. पिवळा आला, गेला. सेलूला न थांबणारी गाडी जशी धडधडत फलाट सोडून पुढं जाते, तसा तो नारिंगीही मागं टाकून गेला आणि जिथं पोचला तिथं नुसती वीटभट्टी होती.

भिंतीवर आबासाहेबांची हनुवटी उगवली. "चांगली भाजली की," ते म्हणाले.

 कडूनं नळी ठेवली, हात धुतले, आत गेली आणि माझा डबा घेऊन बाहेर आली. पाचवीला नुकतंच इंग्रजी सुरू झालं होतं. अक्षरं ओळखता यायची, शब्द जुळवावे लागायचे. डबा मांडीवर घेऊन, त्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून ती एकेक अक्षर मोठ्यानं म्हणू लागली. एस. यू. जी. ए. आर. मग थोडा वेळ ओठातल्या ओठात जुळवत बसली. आयुष्यात तिनं स्वतःहून वाचलेला हा पहिला इंग्रजी शब्द. एरवी मी पेढे वाटले असते.

"शुगर," ती म्हणाली. "पयलंच नाव हाय आजोबा. बाकीची मागून हायत."

मुलांनो, तीस वर्षं मुख्याध्यापकी केलेल्या माणसाला त्याच्याच अंगणात, त्याच्याच नातीनं, त्याच्याच खुराकाच्या डब्यावरून वाचून दाखवलं. नर्मदाबाईंनी डबा घेतला तो मी पुन्हा पाहिला नाही. पुढं कधीतरी भुजंग म्हणाला की त्यात त्याची आई तिखट ठेवते.

आता शहाण्या माणसानं काय करायला हवं होतं? नळी घेऊन डॉक्टरांकडं जायला हवं होतं. पण डॉक्टर म्हणणार, विचारलं का नाही. मुख्याध्यापकालाच कुणी असा जाब विचारायचा म्हणजे फारच झालं. मी ठरवलं, आपण गुपचूप खाली आणू आणि मगच त्यांच्याकडं जाऊ. आबासाहेबांनी हे माझ्या मनातलं ओळखलं, किंवा मी त्यांना सांगितलं, नक्की आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या फ्रिजमधून रोज कारल्याच्या रसाचा पेला येऊ लागला. त्यामागून जांभळाच्या बियांचं चूर्ण आलं. मेथी आमच्याच घरात होती. जे जे कडू ते ते चांगलं, असा एक सोपा नियम गल्लीनं करून टाकला, आणि मी तो गिळत राहिलो. गोळी चालूच होती. जोरही चालूच होते, उलट वाढवले होते, कारण दसरा जवळ येत होता.

असा श्रावणातला शनिवार उजाडला. तालमीतले सगळे मारुतीचा उपास धरतात आणि संध्याकाळी आरती झाल्यावर सोडतात. बाकीचे साबुदाणा खातात, भगर खातात. मी म्हणालो, साबुदाणा साखर वाढवतो. मी नुसत्या पाण्यावर राहीन. नर्मदाबाई म्हणाल्या, गोळी घेतलीय तं दोन घास खा. मी म्हणालो, गोळी औषध आहे, तिचा उपासाशी काय संबंध? सकाळी गोळी, वरून कारलं, दिवसभर पाणी, आणि संध्याकाळी मी तालमीत. भुजंगानं त्या दिवशी जोडीला बैठकाही लावल्या. मला वाटलं, काय हलकं वाटतंय.

त्यापुढचं मला नीट आठवत नाही. सांगतोय ते गावाचं आहे, आणि गाव ते अजून सांगतं.

मी बाहेर आलो तेव्हा घामानं निथळत होतो आणि हात थरथरत होते. मारुतीपुढं आरतीची गर्दी जमली होती. मला ती शाळेची प्रार्थनासभा वाटली. मी पायरीवर चढलो आणि ओरडलो, "गलका बंद! उंचीप्रमाणे उभे राहा. लहान पुढं, मोठे मागं!"

आणि मुलांनो, ते उभे राहिले. जिनिंगचे कामगार, किराणा दुकानदार, दोन वकील, एक माजी नगरसेवक. कितीतरी वर्षं मी हेच वाक्य ओरडत आलो होतो, त्यामुळं पायांनी आपोआप ऐकलं. बांधलेल्या एका शेळीला मी उशिरा आल्याबद्दल जाब विचारला. मग माझे गुडघे वाकले आणि मी पायरीवर बसलो. ओळ तशीच उभी होती. हलायची परवानगी दिलेली नव्हती ना.

भुजंग धावत आला. तो म्हणाला, गुरुजींला चप्पल हुंगवा. माजी नगरसेवक म्हणाले, वारा घाला. आबासाहेब घराकडं पळत गेले होते ते कारल्याचा पेला घेऊन परत आले, अन् म्हणाले, साखर चढलीय, हे पाजा.

"पाजू नका!" कडू मध्ये घुसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण हात स्थिर होते. "चढली न्हाई, उतरलीय. मला ठाव हाय ती कशी असती."

दर शनिवारी नैवेद्य आणणाऱ्या चांगुणाबाईंच्या हातात बत्ताशांचं ताट होतं, आरती व्हायची होती, मारुतीला अजून दाखवलेलं नव्हतं. कडूनं मूठभर बत्तासे उचलले. चांगुणाबाई आं-आं करत राहिल्या. मारुतीच्या आधी नैवेद्य खाणारा सेलूतला मी पहिला आणि अजून तरी शेवटचा.

पण मी खायला तयार नव्हतो. दात आवळून बसलो होतो. आज शनिवार आहे, असं म्हणालो म्हणे, आणि साखर मला वर्ज्य आहे, आणि आधी हजेरी व्हायची आहे.  मग कडू ताठ उभी राहून, माझ्या आवाजात, खणखणीत म्हणाली, "किशनराव!"

"हजर," म्हणायला मी तोंड उघडलं, आणि तिनं बत्तासा आत टाकला.

तो विरघळेपर्यंत तिनं पुढचं नाव घेतलं नाही. मग पुन्हा किशनराव, पुन्हा बत्तासा. त्या दिवशी एका विद्यार्थ्याची इतक्या वेळा हजेरी झाली, की वर्षभराची गैरहजेरी भरून निघाली असती. मग कुणीतरी साखरपाणी आणलं, ते मी स्वतःच्या हातानं प्यालो. जरा वेळानं माझं डोकं जागेवर आलं. समोर पाहतो तो गाव उंचीप्रमाणे उभं.

"हे सगळे असे का उभे आहेत?" मी विचारलं.

भुजंग हळूच म्हणाला, "गुरुजी, सुट्टी द्या."

डॉक्टरांनी मला अर्धा तास बसवून ठेवलं आणि तेवढा वेळ ऐकवलं. चूक पावडरीची नाही, म्हणाले. चूक न विचारता घेण्याची. "गुरुजी, पोटाला कळत न्हाई की कोणची गोष्ट मेडिकलमधून आली अन् कोणची किराण्याच्या दुकानातून. त्याला दोन्ही सारखीच." डब्यावर जे सगळ्यात जास्त असतं ते सगळ्यात आधी लिहितात, तेवढं तरी वाचावं. प्रथिनांची पावडर घ्यायचीच असली तर आधी मूत्रपिंडं तपासावी, कारण साखरेवाल्याची ती नाजूक असतात. आणि तालमीत जायच्या आधी भाकरीचा तुकडा, मोड आलेली मटकी, जमलं तर अंडं, एवढा खुराक तुम्हाला पुष्कळ. कारलं, चूर्ण काहीही असो, गोळीबरोबर घेतलं की गोळीचं बळ वाढू शकतं. वर उपास आणि कसरत म्हणजे उतारावर ढकलून दिलेली गाडी. शेवटी चष्मा काढून ते म्हणाले, "तुमी सगळ्या सेलूला इचारलं. फकस्त मला सोडून."

घरी आलो. वाटेत तीन जणांनी मला बघून ओळ केली. मी खाली मान घालून चाललो होतो, पण मला लाज त्याची नव्हती. करार मोडला होता. मी पडलो होतो, आणि तिच्या डोळ्यांदेखत पडलो होतो. आता ती पोरगी जन्मभर खिडकीत बसणार, आणि कुणालाही तिला काही म्हणायचा हक्क उरलेला नव्हता.

कडू अंगणात नळ्या धूत होती. मी तिच्याजवळ पाटावर बसलो.

"पडलो मी," मी म्हणालो. "जिंकलीस तू. आता कुणी काही म्हणणार नाही."

ती नळी उजेडाला धरून बघत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, मी पडले तव्हा बी आसंच झालं व्हतं का?"

"मी नव्हतो गं तिथं. पण डॉक्टर म्हणतात, असंच असणार."

"मी बी कायबाय बोलले आसन."

"शेळीला तरी रागावली नसशील."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "मला वाटायचं," ती म्हणाली, "का मी मरायलेय आसं दिसत आसन. म्हनून पोरी पळाल्या."

"आणि मी कसा दिसत होतो?"

तिनं विचार केला. "येड्यावानी. आन् मंग बत्तासे खाल्ले, आन् उठलाव."

"उठलो."

"तेवढंच हाय व्हय ते?"

"तेवढंच," मी म्हणालो. "पण वेळेवर द्यावे लागतात. आणि जवळच्या माणसाला ठाऊक असावं लागतं."

 सगळ्या नळ्या पुसून तिनं उलट्या लावल्या आणि आत गेली.

सोमवारी शाळा सुटली तेव्हा मी कचेरीत बसून कागदांवर सह्या करत होतो. खिडकीतून मैदान दिसतं. पोरी खो-खोची ओळ धरत होत्या. फाटकातून कडू आली. एका हातात चतकोर भाकरी, ती चालता चालताच संपवली. दुसऱ्या हातात रुमालाची गाठ. ती सरळ सरजाकडं गेली. सरजा म्हणजे त्यांची कॅप्टन, धिप्पाड पोरगी. कडूनं ती गाठ तिच्या हातात ठेवली आणि बराच वेळ बोट नाचवत तिला काहीतरी सांगितलं. सरजानं गाठ सोडून आतले बत्तासे पाहिले. बाकीच्या पोरीही जमल्या, आणि कडूनं तेच त्या सगळ्यांना पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. एकीनं काहीतरी विचारलं. कडूनं थरथरून दाखवलं, मग तोंड उघडून दाखवलं. पोरी हसल्या, आणि पळाल्या मात्र नाहीत.

मग कडू ओळीत जाऊन, तोंड पलीकडं करून, बोटं मातीत टेकवून बसली. शिट्टी झाली. मी सही करायची थांबवली. पाठीवर थाप पडली, खो आला, आणि ती उठली ती पहिल्याच पावलाला चुकीच्या बाजूला वळली. फाऊल. पुन्हा शिट्टी. कडूनं जीभ चावली, गरकन उलटी फिरली आणि पळत सुटली.